डाव्या नडगीवरचा घाव

ती केस आठवली की आजही माझं डोकं फिरतं. चौसाळ्याच्या पलीकडचं एक गाव होतं. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची तर नाहीच. सगळी हयात आहेत आणि बाजारात भेटली की रामराम घालतात.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो, ठाण्याचा प्रभारी. दुपारी जेवायला बसलो होतो, एवढ्यात ठाणे अंमलदार आत आला. गावातल्या आमच्या माणसाचा फोन होता. "सायेब, बांधाच्या भांडणात पाय तोडला. कोयत्यानं." मी डबा तसाच झाकला. फोन करणाऱ्याने स्वतः काही पाहिलं होतं का, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. पंचवीस वर्षांची नोकरी झालेली, तरी सुचलं नाही.

जखमी शेतकरी पंचेचाळिशीचा होता. गावच्या डॉक्टरने टाके घालून त्याला बीडच्या एका खाजगी दवाखान्यात पाठवलं होतं. डाव्या पायाची नडगी गुडघ्याच्या खाली चिरली होती. आम्ही जबाब घेतला. तो शेतात पाणी देत होता, शेजारी कोयता घेऊन आला आणि वार करून पळाला, असं त्याने सांगितलं. बायको उशाशी उभी होती. ती डोक्यावरचा पदर दातात धरून गप्प होती, आणि मला ते दुःखच वाटलं.

कारणही तयार होतं. दोघांच्या सामाईक बांधावर एक जुना कडुलिंब होता. त्याच्या मालकीवरून अकरा वर्षं वाद चालू होता आणि निकाल लागेपर्यंत कोणीही झाडाला हात लावायचा नाही, असा तहसीलचा आदेश होता. शेजारी पारावर बसून दर आठवड्याला एकदा तरी म्हणायचा, "झाडाला हात लाव, तंगडंच तोडतो." हे ऐकलेले साक्षीदार मागेल तेवढे मिळाले. तीनशे सात, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचं कलम, दाखल केलं आणि तासाभरात शेजाऱ्याला त्याच्या घरातून उचललं. तो पळाला नव्हता, चहा पीत बसला होता. त्याचंही मला काही वाटलं नाही.

आता कोयता. आमच्या भागात निम्मी गावं ऊसतोडीला जातात, घरटी दोन-तीन कोयते असतात. शेजाऱ्याच्या भिंतीला दोन अडकवलेले होते. त्यातला जास्त घासलेला मी दोन पंचांसमोर जप्त केला, कापडात गुंडाळून लाखेचं सील मारलं आणि प्रयोगशाळेला पाठवायची तयारी केली. कागद बिनचूक होते. कोर्टाने तीन दिवसांची कोठडी दिली.

चौकशीत तर कहरच झाला. बहुतेक आरोपी 'मी नाही केलं' म्हणतात. हा गडी पहिल्या दिवशी गप्प राहिला आणि दुसऱ्या दिवशी छाती काढून म्हणाला, "व्हय सायेब, मीच तोडला. बोललो तसं केलं." भेटायला आलेल्या भावकीने त्याला सांगितलं होतं की गावात त्याचं लई नाव झालंय. अकरा वर्षं नुसतं बोलणारा माणूस अचानक करून दाखवणारा ठरला होता. पोलिसांसमोरच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते हे त्याला माहीत नव्हतं, आणि दहा वर्षं आत जाशील हे सांगूनही ते डोक्यात शिरत नव्हतं.

त्याच दिवशी दवाखान्यातल्या सर्जनचा फोन आला. "जखम बिघडतेय. आणि हा एका घावाचा वार वाटत नाही, एक्स-रेत हाड खरवडल्यासारखं दिसतंय. हत्यार नेमकं कसलं होतं?" मी सांगितलं, चार-पाच वार केले असतील. फोन ठेवला आणि पुन्हा कागदांना लागलो. त्या वाक्यासाठी मी आजपर्यंत स्वतःला माफ केलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कबुली तपशिलात घ्यायला बसलो.

"किती वार केले?"

"योकच. आपलं काम योका घावात."

"कोणत्या पायावर?"

त्याने स्वतःच्या दोन्ही पायांकडे पाहिलं. "उजव्या."

माझा हवालदार खाली मान घालून हसायला लागला. मला मात्र संताप आला. एक माणूस न केलेला गुन्हा मिरवत होता आणि मी त्याला तीन दिवस सरकारी भाकरी खाऊ घालत होतो.

पंचांना घेऊन पुन्हा बांधावर गेलो. पहिल्या दिवशी अंधार पडत आल्यामुळे घाईत शेजाऱ्याच्या बाजूने पाहणी केली होती. या वेळी जखमीच्या बाजूने गेलो. लिंब अर्धा कापलेला होता! खालच्या जाड फांद्या आडव्या होत्या आणि त्यांच्यावर बोरीच्या काट्या ओढून टाकलेल्या. काट्या बाजूला केल्या तर खाली भुशाचा ढीग आणि त्यात काळपट रक्त. पुढे कडब्याच्या गंजीजवळ हवालदाराला पेट्रोलचा वास आला. आत झाडं कापायचं पेट्रोलचं मशीन निघालं. गावात त्याला कटर म्हणतात.

पंचनामा करून मशीन जप्त केलं आणि जाणकाराचं मत घ्यायला चौसाळ्याच्या हायवेवरच्या मेकॅनिककडे नेलं. साठीचा माणूस, सगळे त्यांना चाचा म्हणतात. पंप, फवारणीचं यंत्र, कटर, सगळं त्यांच्याकडेच येतं. मशीन टेबलावर ठेवताच ते ओरडले.

"या अल्ला, ही तार कुणी बांधली?"

पुढच्या हँडलसमोर एक काळं गार्ड असतं. मशीन उसळलं की मनगट त्यावर आदळतं आणि चेन जागच्या जागी थांबते. तोच ब्रेक. या पठ्ठ्याने ते गार्ड बांधकामाच्या तारेने मागे ओढून पक्कं आवळलं होतं. चाचांनी चेनवर बोट फिरवलं, वास घेतला आणि मलाच झापायला लागले, जणू मशीन माझंच होतं.

"चेन ढिली हाय, धार न्हाई. भुसा पाहिला का साहेब? धार असली की चिपा पडतेत, बोथट चेन पीठ पाडती. मंग माणूस जोर लावतो आन् घसरतो. अन् हे ऑईल बघा, ट्रॅक्टरचं जळकं. चेनचं ऑईल येगळं येतं, कोण घेत न्हाई. दोन हातानं धरा म्हणतो, एका हातानं चालवतेत. जमिनीवर ठेवून पाय देऊन चालू करा म्हणतो, हातात लोंबकळत वढतेत. बूट घाला म्हणतो, चपलेवर जातेत. मी बोलू तरी किती?"

मग हात पुसत म्हणाले, "कुठं हाय तो? मला घेऊन चला."

जाणकाराला जखमीच्या खाटेजवळ नेणं कोणत्याही नियमात बसत नव्हतं. पण सर्जनने पुन्हा निरोप पाठवला होता की संध्याकाळपर्यंत जखमेचं खरं कारण कळलं नाही तर पाय वाचवता येणार नाही. मी चाचांना जीपमध्ये बसवलं.

दवाखान्यात आधी मी प्रयत्न केला. मशीन सापडलं, रक्त सापडलं, खरं सांग, तुझा पाय जाईल. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "कोयत्यानंच मारलं." झाड कापल्याचं कबूल केलं तर तहसीलचा निकाल विरुद्ध जाईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. झाड कापलं गेलं होतं, पाय सडत होता, आणि हा निकाल सांभाळत होता.

चाचांनी मला बाजूला केलं. त्यांनी केसबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

"ब्रेक कावून बांधला बे?"

तो वळला. "सारखा लागत व्हता, चाचा. कामच व्हत न्हवतं."

"चेनला धार न्हाई म्हणून लागत होता. अडाण्या, घासली कधी होतीस?"

"अडाणी कावून म्हणता? पोळ्याला घासली की! मला काय कळत न्हाई व्हय?"

"कळत होतं तर चेनच्या पट्टीचं टोक कशाला लावलं फांदीला?"

"म्या न्हाई लावलं! मागं दुसरी फांदी व्हती, ती दिसली न्हाई. टोक लागलं, मशीन वर उसळलं, डावा हात सुटला आन् चालू मशीन खाली येऊन..."

तो थांबला. दारात उभं राहून ऐकणारे सर्जन तिथूनच ऑपरेशनची तयारी करा म्हणून ओरडत गेले.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. माणसाला खोटारडा म्हणा, तो पचवतो. त्याला त्याचं काम येत नाही म्हणा, तो खरं बोलायला लागतो. शेजाऱ्याचंही तेच होतं. त्याला सुटकेचा कागद वाचून दाखवला तेव्हा त्याने तोंड पाडून विचारलं, "मंग आता गावात काय सांगू?" हसावं की कानाखाली द्यावी, मला कळेना.

जखम उघडली तेव्हा आत खोलवर लिंबाचा भुसा, काळं तेल आणि पँटच्या कापडाच्या चिंध्या निघाल्या. बायकोने वरून धुऊन हळद भरली होती आणि गावच्या डॉक्टरने गावातली आवई ऐकून, कोयत्याचा साफ वार समजून टाके घातले होते. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सर्जन एवढंच म्हणाले, पहिल्या दिवशी कळलं असतं तर राहिला असता.

मी 'ब' समरीचा, म्हणजे तक्रारच खोटी असल्याचा, अहवाल कोर्टात पाठवला. जप्त केलेला कोयता परत करायला आणि शेवटचा जबाब घ्यायला गावात गेलो, तेव्हा जखमीची बायको ओट्यावर बसली होती. मी जरा रागातच बोललो. म्हणालो, बाई, तुम्हाला सगळं माहीत होतं, तीन दिवस गप्प का बसलात?

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सायेब, तुमी आल्या आल्या इचारलं, कुणी मारलं? त्यांनी तवर कुणाचंच नाव घेतलं न्हवतं. कसं सांगावं हाच इचार करीत व्हते. तुमी काय झालं असं इचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी."

मी दवाखान्यातल्या पहिल्या जबाबाचा कागद पुन्हा काढून पाहिला. पहिला प्रश्न माझाच होता, माझ्याच अक्षरात.

निवृत्त होईपर्यंत पुढच्या प्रत्येक जबाबात मी आधी 'काय झालं' एवढंच विचारलं आणि समोरचा बोलेपर्यंत गप्प बसलो. पण हे शहाणपण मला एका पायाच्या किमतीत मिळालं, आणि तो पाय माझा नव्हता.