दोन नंबरच्या खिडकीतल्या बाई

सव्वीस वर्षं त्या एकाच बँकेत, दोन नंबरच्या खिडकीत बसल्या. गल्लीत सगळे त्यांना 'बँकवाल्या बाई' म्हणत. कुणाला सही येत नसली तर त्या स्वतः अंगठा धरून उमटवत आणि शाई पुसायला ओलं फडकं पुढे करत. म्हणून शेजारच्या शिंप्याने दुकान विकलं तेव्हा पैसे कुठे ठेवू, हे त्यांनाच विचारलं.

"आमच्याकडेच ठेवा की दादा. माझेही तिथेच आहेत."

खोटं नव्हतं ते.

एका सोमवारी बँकेच्या शटरवर नोटीस लागली. वरच्या साहेबांनी सोयऱ्याधायऱ्यांना कर्जं वाटली होती, ती बुडाली. साहेब केव्हाच पसार झाले. लोकांच्या तावडीत सापडल्या त्या बाई. कुणीतरी त्यांच्या दारावर कोळशाने 'चोर' लिहिलं. सख्ख्या भावाचा फोन आला. त्याचेही पैसे अडकले होते.

"ताई, तुला काहीच माहीत नव्हतं? कोणाला शेंडी लावतेस?"

"अरे, मी नुसत्या नोटा मोजायचे. कर्जाच्या फायली माझ्या टेबलावर कधी आल्याच नाहीत."

त्याने फोन आपटला.

पैशांअभावी शिंप्याच्या बायकोचं ऑपरेशन लांबलं आणि ती गेली. बाई मयताला गेल्या. ओट्यावरच्या बायका सरकल्या, पण जागा द्यायला नव्हे. अंगाला अंग लागू नये म्हणून.

पुढच्या आठवड्यापासून बाई रोज सकाळी बंद शटरसमोर स्टूल टाकून बसू लागल्या. ठेवी परत मिळवायचे अर्ज भरायचे होते आणि निम्म्या लोकांना ते वाचताही येत नव्हते. लोक शिव्या घालत आणि अर्जही भरून घेत. बाई खाली मान घालून लिहीत.

एके दिवशी शिंपी आला. त्याने पासबुक पुढे टाकलं. बाईंनी सगळं भरलं आणि एका रकान्याशी थांबल्या.

"दादा, वारस कोण लिहू?"

"तुम्हीच सांगा. पैसेही तुमच्याच सांगण्यावरून ठेवले होते."

"चुकलं माझं."

"असेल," तो म्हणाला. सही करून, मागे न बघता निघून गेला.

तीन वर्षांनी पैसे आले, तेही अर्ध्याहून कमी. तोवर बाई घर विकून लांबच्या वस्तीत राहायला गेल्या होत्या. तिथल्या शेजारणीने सहज विचारलं, "नोकरी कुठे केलीत हो?"

"शाळेत," बाई म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.