मालुआक्कानं उचललेला भंडारा

खडकमाळात कुणालाही विचारा, मालुआक्काचा आवाज कसा गेला ते तो डोळ्यांनी बघितल्यासारखं सांगेल. भैरोबाचा भंडारा तिनं खोटा उचलला, देवानं तिचा गळा धरला. सांगणारा पुढं वाकतो, स्वतःचा गळा चिमटीत पकडतो, बुबुळं वर नेतो. "आस्सा! सकाळी उटून म्हशीला हाळी द्याय गेली, तर तोंडातनं नुसती हवा!" म्हैस तेव्हापासून दूध द्यायची थांबली, असंही वर जोडतात.

म्हैस मालुआक्काकडं कधी नव्हतीच. आवाज एका सकाळी गेला नाही आणि भंडाराही खोटा नव्हता. आवाज धुरानं गेला, कणाकणानं. बेळगावच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि म्हणाले, "आतून करपलंय हो सगळं. आता एवढाच राहणार." एवढाच म्हणजे कुजबुजीएवढा.

तो आवाज ज्यांनी ऐकला नाही, त्यांना काय गेलं ते कळायचं नाही. मालुआक्का निपाणीत विड्या वळायची. कारखान्यातल्या बायकांच्या गलक्यावर आवाज चढवून चढवून तिचा गळा असा तयार झाला होता, की तिनं बसस्टँडवर नवऱ्याला हाक मारली तर कोल्हापूरच्या गाडीचा कंडक्टर बेल मारायचा. नवरा वारला, तंबाखूच्या धुळीनं छाती भरली, आणि त्याच सुमाराला तालुक्यातल्या एका नगरपालिकेला कचऱ्याची नवी रीत शिकवायला बेंगळुरूच्या संस्थेतून प्रियदर्शनी मॅडम आल्या. घरोघर जाऊन सांगणारी बाई त्यांना हवी होती.

मॅडम बोलायच्या ते पडद्यावर दाखवल्यासारखं. "सो, आक्का, सर्क्युलर इकॉनॉमीमध्ये वेस्ट हे वेस्ट नसतंच. ओके?"

"व्हय व्हय, ओके," म्हणून मालुआक्का गल्लीत शिरायची आणि तेच आपल्या भाषेत घालायची. "जे निगालं ते परत फिरलं पायजे, बायांनो! ओलं रानात, सुकं कारखान्यात. मदीच थांबलं की सडतंय." आणि बादलीत डोकावून, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, "ए चंद्राबाईऽऽ! भाजीच्या देठात रेडिओचा सेल टाकलाईस गं! नवऱ्याला आमटीत घालतीस काय त्यो?" चंद्राबाईनं त्या दिवसापासून सेल वेगळा ठेवला. लाजेनं का असेना.

खत करायला आणि प्लास्टिक निवडायला जागा हवी होती. नगरपालिकेनं खडकमाळाचं गायरान मागितलं, आणि मालुआक्काचंच गाव नाही म्हणालं. गायरानाच्या खालच्या अंगाला गावची विहीर. घाण मुरली तर प्यायचं काय? तेव्हा मालुआक्का देवळात गेली. आमच्याकडं सही-शिक्क्यापेक्षा भंडारा जड. देवापुढची हळद मुठीत घेऊन बोललेला शब्द मोडला, तर बोलणाऱ्याचं घर बसतं. तिनं मूठ भरून भंडारा उचलला आणि घंटेपेक्षा मोठ्यानं म्हणाली, "निवडल्याबिगर कचरा गायरानाच्या गेटाच्या आत येणार न्हाय. आला तर माजी वाचा बसू दे, भैरोबा!"

तेच वाक्य पुढं तिला नडलं.

सुरुवातीचे हंगाम बरे गेले. खत उसाला गेलं, बाटल्या दाबून बाहेर गेल्या, विहीर होती तशी राहिली. मग योजनेची मुदत संपली. मॅडमना संस्थेनं दुसऱ्या गावाला पाठवलं. गाड्यांचा ठेका नव्या माणसाकडं गेला, आणि ज्या गाड्यांत ओल्या-सुक्याचे दोन कप्पे होते तिथं एकच डबा आला. लोक घरात वेगळं करून देत, गाडी ते सगळं कालवून आणी.

मालुआक्का गेटावर उभी राहू लागली. गावानं तिच्यावर सोपवलेली किल्ली कमरेला.

"आक्के, सोड की गं," विक्रम ड्रायव्हर खिडकीतनं ओरडायचा, "परत न्याय डिझेल काय तुजा बा घालतोय?"

"माजा बा मेलाय. तुज्या मालकाला इचार!"

नगरपालिकेचे नागेंद्र साहेब मोटरसायकलवरून यायचे, हेल्मेट न काढता अर्ध्या कानडीत बोलायचे. "मालुबाई, स्वल्प अडजस्ट माडरी. एक लोड, एकच."

"एक बी न्हाय, सायेब. भंडारा उचललाय मी."

"अय्यो, भंडारा फाइलमध्ये कुठं दाखवायचा?"

मग विक्रमनं सोपा मार्ग काढला. गेटाबाहेर जुनी दगडाची खाण आहे, तिच्यात गाडी पालथी करायची. उन्हाळ्यात ती खाण पेटली. रबर, चिंध्या, कोंबड्यांची पिसं, सगळं आत धुमसत राहिलं. बंब आला आणि वरचं विझवून गेला. त्या धुरात पदर तोंडाला लावून मालुआक्का उभी राहिली. प्रत्येक गाडीला पदर काढून ओरडली, पुन्हा लावला, पुन्हा काढला. पावसाळ्यापर्यंत तिचं ओरडणं खोकल्यात गेलं आणि खोकल्यानंतर उरली ती शीळ.

गावानं एवढंच बघितलं, की वाचा बसली. म्हणजे कचरा आत आला, म्हणजे शपथ मोडली. गेट उघडून खात्री करायला कोण जातंय? संक्रांतीला तिच्या हातचा तिळगूळ घ्यायला बायकांचे हात पुढं येईनात. सगळ्यात वाईट म्हणजे तिला स्वतःलाच भ्या वाटू लागलं. डॉक्टर काहीही म्हणोत, आपली पाठ असताना एखादी गाडी आत घुसली असंल काय? ती आतले ढीग काठीनं उकरून बघायची. देठं, पालापाचोळा, विडीच्या पानाची कात्रणं. दुसरं काही सापडायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा उकरायची.

अशात खाण भरत आली आणि पंच मारुतीराव तिच्या दारात आले. ते नेहमी आधी खाकरतात, मग तंबाखू गालात सरकवतात, मग देवमाणूस होतात. "आसं हाय बग, मालू. लई सोसलंस. येत्या रविवारी भैरोबाला नारळ फोडू, समद्या गावादेखत भंडारा उतरवू तुज्यावरनं. तू मोकळी. गेटाची किल्ली तेवढी देवापुढं ठेव."

मालुआक्का रडली. मोकळं व्हायचं होतं तिला. ते गेल्यावर तिनं कमरेची किल्ली चाचपली, आणि मग शेजारी माझ्या घरात येऊन कानाशी कुजबुजली, "रविवारी गाड्या येणार बग."

"काय तर तुझं, आक्का! देवाच्या कामात मारुतीअण्णा आसलं करंल व्हय?"

"लाव पैज."

मी पावशेर कुंद्याची, बेळगावच्या त्या खव्याच्या मिठाईची, लावली. जिंकणारच होते.

रविवारी सगळं गाव देवळात. गुरवानं भंडाऱ्याचं ताट मांडलं, नारळ सोलून ठेवला. मालुआक्का आली नाही. लोक चुळबुळले, कुणीतरी म्हणालं, "पापी माणूस देवाम्होरं कसा येतोय?" मारुतीराव मात्र घामाघूम. त्यांचा फोन वाजला. ते खांबाआड गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आलीच न्हाय वो हिकडं... तिकडंच बसलीय?... आता मी काय करू, बघा तुमचं तुमी."

मी गायरानाकडं पळाले. गेटासमोर गाड्या ओळीनं उभ्या होत्या. गेटाला पाठ लावून मालुआक्का मातीत बसलेली, किल्ली मुठीत.

"तू देवळात असणार म्हणून मारुतीअण्णा म्हणालं हुतं की गं," विक्रम चिडून म्हणत होता. तिनं किल्लीवरची मूठ आवळली; तिची कुजबुज इंजिनावर ऐकू गेलीच नसती. त्यानं गाडी मागं घेतली आणि डबा तिच्यासमोरच उचलला. शिळा भात, लहान पोरांचे डायपर, फुटक्या ट्यूबा, मेलेलं मांजर. सगळं तिच्या पावलांपर्यंत घसरत आलं. मागच्या गाड्यांनीही तिथंच ओतलं आणि गेल्या.

मी तिला हात देऊन उठवलं. लुगडं घाणीनं भिजलं होतं. तिनं आधी वळून कुलूप ओढून बघितलं.

"आत न्हाय गेलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी बेळगावहून कुंदा मागवला. तिच्या घशाखाली आता मऊच तेवढं उतरतं. तिनं बोटानं थोडाथोडा खाल्ला, पाणी प्यायली, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "फुडच्या रविवारची लावतीस?"

मी नाही म्हणाले.