चाक ढकललं की सोडलं?

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका ठाण्यावर फौजदार होतो. आमच्या हद्दीत नदीकडे उतरणारा एक फरसबंदी रस्ता होता. त्याच्या कडेला एक सुतार आणि एक मुसलमान लोहार वीस वर्षं एकत्र बैलगाडीची चाकं करत. सुतार लाकडाचं चाक जोडायचा आणि लोहार त्यावर तापलेली लोखंडी धाव चढवायचा. चाक तयार झालं की सुतार ते दारातून उतारावर सोडायचा. खाली लोहार उभा असायचा. चाक डगमगतं का ते बघायचं आणि पोचलं की हातातल्या दांडक्याने अडवायचं, ही त्यांची रीत.

त्या सकाळी चाक लोहाराच्या छातीवर आदळलं. तो बेशुद्ध होऊन सरकारी दवाखान्यात गेला.

तासाभरात आमचा खबऱ्या हजर. म्हणाला, "सायेब, ह्यो अपघात न्हाय. काल दोघांची जुंपली हुती. लोहार धंदा सोडून वारणानगरला कारखान्यात निघालाय. सुतार चिडून म्हणाला, तू गेलास तर मी मेलो, न्हायतर तू."

एवढं मला पुरे होतं. तेव्हा मला माझ्या अकलेचा फार भरवसा. समोर राहणाऱ्या एका म्हातारीचा जबाब घेतला, "चाक जोरात आले" एवढंच हवालदाराकडून लिहवून अंगठा घेतला, आणि खुनाच्या प्रयत्नाच्या कलमाखाली सुताराला कोठडीत टाकलं.

"ढकललंस ना?"

"न्हाय सायेब. सोडलं. दारात खडीचा ढीग हुता, म्हणून चढावर जाऊन वरनं सोडलं, पंधरा-वीस हात." मग लगेच, "शुद्ध आली का त्येला?"

दोन दिवस मी प्रश्न विचारत होतो आणि तो एकच प्रश्न उलट विचारत होता. जेवण तसंच परत जायचं. "लांबनं बघू द्या. बोलत न्हाय मी," म्हणायचा. मला ते नाटक वाटलं. आरोपीकडचं कुणी जखमीजवळ फिरकू द्यायचं नाही, असा मी दवाखान्यातल्या शिपायाला हुकूमच दिला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी कागद पुरे करायला पुन्हा म्हातारीकडे गेलो. ती शेंगा फोडत होती.

"चाक जोरात आलं, असंच ना आजी?"

"शेवटाला जोरात. आधी न्हाय. तुमच्या लिवणाऱ्यानं माझं निम्मंच घेतलं की." तिने सुपावर बोटाने ठोकून दाखवलं. आधी एक ठोका, थांबून दुसरा, मग जवळजवळ, शेवटी भराभर. धावेचा जोड जरा वर आला होता. चाकाच्या दर फेऱ्याला तो फरशीवर एकदा वाजायचा.

मी जागीच बसलो. इंटर सायन्सला दोनदा आपटलेला माणूस मी, पण कोनीय त्वरण डोक्यात उरलं होतं. उतारावर घरंगळणारं चाक क्षणाक्षणाला आपल्या फिरण्याच्या वेगात सारखीच भर घालत जातं. नुसतं सोडलेलं चाक अगदी सावकाश सुरू होतं. ढकललेल्या चाकाचे पहिले ठोकेच जवळजवळ पडले असते.

पंच बोलावले, तेच चाक आणलं. खाली वाळूची पोती लावली. म्हातारीला रस्त्याकडे पाठ करून बसवलं. पहिल्यांदा दोन हवालदारांनी चाक रेटून दिलं. ती म्हणाली, "ह्ये न्हाय." मग ढिगाच्या वरच्या अंगाला, पंधरा-वीस हात चढावरून नुसतं सोडलं. "व्हय, ह्येच." तीनदा अदलून-बदलून केलं, तीनदा तेच. ढिगाआडून चाक कुठून सुटलं हे खालून दिसत नव्हतं. लोहाराचा हात वीस वर्षांच्या सवयीने नेहमीच्या वेगाला उठला असणार. या वरच्या पंधरा-वीस हातांत चाकाने जास्तीचा वेग घेतला होता.

पंचनामा केला. पुरावा अपुरा म्हणून सुताराला मुचलक्यावर सोडलं आणि माझ्याच जीपमधून दवाखान्यात नेलं. वाटेत तो पहिल्यांदाच दुसरं काही बोलला. "मी बी वारणानगरला जाईन म्हणतो. तितं सुताराला काम असंलच की."

लोहार तासाभरापूर्वी गेला होता.

त्याची बायको व्हरांड्यात होती. ती सुताराला म्हणाली, "काल दुपारी शुद्धीवर आल्ते, भाऊजी. माझाच हात हुकला म्हणत हुते. तुम्हाला बोलवा म्हणून जीव काढला. पोलिसानं न्हाय म्हणून सांगितलं."

शिपायाने माझा हुकूम पाळला होता. जखमीच्या तोंडचे दोन शब्द घ्यायला मी स्वतः एकदाही गेलो नव्हतो.

पुढे नोकरीभर मी कुठल्याही गुन्ह्यात आधी दवाखाना गाठला आणि साक्षीदाराचं वाक्य त्याच्याच तोंडचं, पुरतं लिहून घेतलं. या प्रकरणाने मला एवढं शिकवलं. पण शिकलो म्हणून मन भरत नाही. ती एक दुपार परत मिळावी, असं अजूनही वाटतं.

 त्या दिवशी सुतार मित्राच्या उशाशी बराच वेळ बसून बाहेर आला आणि म्हणाला, "सायेब, चाक एक दिस आधी सोडून बघाया पायजे हुतं तुमी."

मी "हो" म्हणालो.