काटक

बाळ एकोणतीस दिवसांचं होतं, त्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीनं जीव दिला.

त्याच्या आठ दिवस आधी आम्ही तिला चुडाव्याहून रेल्वेनं परभणीच्या एका दवाखान्यात नेलं होतं. ती, आई आणि मी. तिचं बाळ माझ्या मांडीवर. बहीण झोपत नव्हती, जेवत नव्हती. मला म्हणाली होती, "ताई, लेकरू मांडीवर असतंय, पण रडणं शेजारच्या घरातून आल्यावानी वाटायलंय." हे वाक्य मी जसंच्या तसं समुपदेशक बाईंना सांगितलं. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. शब्द नीट सांगितले की माणसाला कळतं, असा माझा समज होता.

बाईंनी बाळाकडं पाहिलं. "पाचवी पुजली नाही का?"

"आम्ही बौद्ध आहोत. करत नाही."

त्यांनी केसपेपरवरचं आडनाव पुन्हा वाचलं. मग हसल्या. "अहो, तुमच्यातल्या बायका किती काटक! दहाव्या दिवशी शेतात. ही दुखणी नाजूक घरांतली. हिला कामाला लावा."

बाळंतिणीच्या मनाची विचारपूस करायच्या दहा प्रश्नांचा कागद समोर होता. बहिणीला त्यातला एकही विचारला नाही. दहाही जागी त्यांनी 'नाही' लिहिलं. मी बघत होते.

आईचा चेहरा उजळला. हात जोडून म्हणाली, "व्हय बाई, मी तर हिच्या वेळंला आठव्या दिवशी निंदायला गेले व्हते."

का गेली होती, ते मला माहीत होतं. घरात पीठ नव्हतं. तरी खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. आमच्याबद्दल कुणीतरी चांगलं बोललं होतं. तो अपमान आम्ही कौतुक म्हणून घरी नेला आणि तिला रोज ऐकवला. "काटक हायस तू. ऊठ. भांडे घास." ती उठायची. घासायची. शेवटच्या सकाळीही तिनं भांडी घासून पालथी घातली होती.

महिन्याभरानं त्याच बाई बहिणीच्या मृत्यूच्या चौकशीचा कागद घेऊन घरी आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. कागदावर आधीच लिहून आणलं होतं: कुटुंबाने वेळेवर आणले नाही.

"सही करा, ताई. शिकलेल्या आहात, समजून घ्या. इतकी कमकुवत निघाली, त्याला कोण काय करणार?"

तेव्हा काटक. आता कमकुवत. तिला मात्र कधीच विचारलं नाही.

मी केसपेपर आणला. त्यावरचा तारखेचा शिक्का दाखवला. "आम्ही आलो होतो. तुम्ही तिला विचारलं नाही. हे लिहा, मग सही करते."

"वाद वाढवू नका."

"लिहा."

आई आतून बाहेर आली. "बाई, आठव्या दिवशी गेले ते काटक व्हते म्हणून न्हाई. उपाशी व्हते म्हणून."

बाई कागद घेऊन गेल्या. सहीची जागा कोरी.

मी तक्रार केली. उत्तर नाही. दर महिन्याला तारीख बदलून तीच पुन्हा पाठवते. पाठवत राहीन. त्यात बहिणीचं ते रडण्याचं वाक्य आहे, तिच्याच बोलीत. एक अक्षरही बदलणार नाही.

बहीण नाही. लेकरू चालायला लागलंय. पडलं की रडतं. या घरात त्याला कुणी काटक म्हणत नाही.