मोडीत न निघालेला ट्रक

उत्तर आधीच ठरवून यायचं आणि तिथे पोचणारं गणित आमच्याकडून करून घ्यायचं, एवढं एकच काम तुम्हाला नीट जमतं. नाव कुणाचं घेत नाही. ज्याला लागेल त्याने लावून घ्यावं.

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावातल्या आमच्या युनिव्हर्सिटी लॅबमध्ये असे किस्से कॉफीच्या उष्ट्या कपांसारखे साचतात. ते उचलायचे कुणी, यावर मीटिंग होते. या वेळचा प्रश्न तसा साधा. अमेरिकन लष्कराचा एक जुना ट्रक दुरुस्त करून वापरत राहायचा, की मोडीत काढायचा? खर्च, सुटे भाग, भरवसा, आत बसणाऱ्यांची सेफ्टी, अशा प्रत्येक निकषाला वजन द्यायचं आणि मार्कांची बेरीज करायची. जास्त मार्कांचा पर्याय जिंकला.

*

ट्रकचं खरं नाव आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना कळू द्यायचं नाही, असा नियम. आमच्यासाठी तो ‘सिस्टिम बी’. या कामाला पैसे देणाऱ्या स्पॉन्सरचा माणूस फोटो दाखवायला लागला की मी आणि नागपूरचा निखिल मुकाट्याने कॉरिडॉरमध्ये.

एकदा बराच वेळ ताटकळलो. निखिल म्हणाला, "पत्रिका आपण जुळवायची, मुलगा मात्र बघायचा नाही. भारी आहे यार."

*

वजनं ठरवायला एका निवृत्त अधिकाऱ्याला प्रश्नावली पाठवली. दोन-दोन निकषांतला महत्त्वाचा कोणता, ते सांगायचं. त्यांनी लिहिलं: खर्चापेक्षा सेफ्टी महत्त्वाची. सुट्या भागांपेक्षा खर्च महत्त्वाचा. आणि सेफ्टीपेक्षा सुटे भाग महत्त्वाचे!

सॉफ्टवेअरने हे गोल गोल उत्तर नाकारलं. मी म्हटलं, त्यांना परत विचारू. प्रोफेसर म्हणाले, "ते बिझी असतात. निखिल, तूच जरा जुळवून घे."

निखिलने जुळवलं. रिपोर्टमध्ये ते ‘तज्ज्ञांचं मत’ म्हणून गेलं. या तज्ज्ञाने आयुष्यात वडिलांच्या स्कूटरपेक्षा मोठं काही चालवलेलं नाही.

*

तरीही उत्तर आलं: मोडीत काढा.

स्पॉन्सरचा माणूस कॉलवर गोड आवाजात म्हणाला, "इंटरेस्टिंग. वजनं पुन्हा एकदा बघाल?"

सेफ्टीचं वजन कमी केलं. तरी मोडीतच. आणखी कमी केलं. शेवटी ते इतकं खाली आलं की ट्रक जिंकला. प्रोफेसरांनी समाधानाने लॅपटॉप मिटला.

मी म्हटलं, "रिपोर्टवरून माझं नाव काढा."

"काढू की," ते शांतपणे म्हणाले. "मग थिसिस कशावर लिहिणार आहेस? विचार कर, सोमवारी सांग."

*

रविवारी गावातल्या देशपांडे काकूंकडे जेवायला गेले. त्यांचा मुलगा रोहन इथेच जन्मलेला, इथल्याच लष्करात ट्रक चालवतो. सुट्टीवर आला होता. काकू कौतुकाने म्हणाल्या, "अरे, ही पण तुमच्या आर्मीचंच काम करते."

"कूल. काय करतेस?"

मी सगळं सांगितलं, रागाच्या भरात जरा जास्तच. सेफ्टी कशी उतरवत नेली, तेही.

रोहन वरणभात कालवत ऐकत होता. "सो, ट्रक राहणार?"

"रिपोर्ट गेला तर, हो."

त्याने खांदे उडवले. "मॉम, तूप."

काकूंनी त्याच्या भातावर तूप वाढलं, मग आणखी थोडं वाढलं आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"तुमच्या प्रोफेसरांना उद्या जेवायला घेऊन ये गं. रोहन परवा परत जातोय, त्याआधी दोघांची ओळख होऊ दे."