हवालदारांच्या दुर्बिणीचा नंबर

फोन आला तेव्हा मी दुकानात एका बाईंचे डोळे तपासत होतो. हवालदारांच्या मुलीचं, सुजाताचं नाव दिसलं म्हणून उचलला. "काका, बाबा गेले... सकाळी," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मी त्या बाईंना तीच काच तीनदा लावली आणि तीनदा विचारलं, आता कसं दिसतं? बाई भल्या, तिन्ही वेळा "बरं दिसते" म्हणाल्या. याला आता महिना होत आला. मधल्या काळात लिहायला बसलो नाही, कारण जाण्याआधी हवालदार एक काम माझ्या गळ्यात घालून गेले होते. ते गेल्या आठवड्यात करून आलो, म्हणून आता लिहितो.

हवालदार म्हणजे सुलतानपूरचे जनार्दन इंगळे. पलटणीतून निवृत्त होऊन गावी आले आणि चार एकरांत तूर-सोयाबीन करू लागले. त्यांच्याकडे परवान्याची तीनशे पंधराची रायफल होती. रायफल म्हटलं की लोकांना लगेच शिकारीचा शौक दिसतो, म्हणून आधीच सांगून टाकतो : हवालदार शौकासाठी कधी रानात गेले नाहीत. रानडुकरांनी नि रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, शेत उलथून टाकलं की शेतकरी वनखात्याकडे अर्ज करायचा, परवानगीचा कागद यायचा आणि मग हवालदारांना बोलावणं जायचं. कागद बघितल्याशिवाय ते रायफलीचं फडकंसुद्धा सोडत नसत. जनावर पडलं की पंचनामा आणि मग खड्डा. त्यातला नखाएवढा तुकडा कुणाला नेऊ देत नसत. त्या दिवशी त्यांच्या घरी मटणही शिजत नसे. कुणी त्यावरून हसलं तर "हसा लेको," म्हणत आणि मुकाट्यानं भाकरी मोडत.

माझं मेहकरला चष्म्याचं दुकान. ते मला डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नाही हे पहिल्या वर्षी सांगितलं, दुसऱ्या वर्षी सांगितलं, मग नाद सोडला. बाजाराला आले की माझ्याकडे चहा ठरलेला. सहा वर्षांपूर्वी असेच एका सकाळी आले, काखेत रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. टेबलावर सोडलं तर रायफलीच्या दोन दुर्बिणी. एक त्यांची जुनी, चार पट मोठं दाखवणारी. दुसरी कुणाकडून तरी बघायला आणलेली, तीन पटींपासून नऊ पटींपर्यंत फिरवता येणारी. "डॉक्टर, हिचा नंबर वाढवून पायजे," जुनीकडे बोट दाखवत ते म्हणाले. "चारवर आता डुकराचा कान दिसत नाई. हे नवी घेऊ का?"

मी जन्मात कधी बंदूक धरलेली नाही. पण एवढा पलटणीतला माणूस आपल्याला विचारतोय म्हटल्यावर मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. दोघं दुकानाच्या पायरीवर उभे राहून आळीपाळीनं समोरच्या बसस्थानकाची पाटी बघू लागलो. मी व्याख्यानच दिलं : नंबर वाढला की चीज मोठी दिसते, पण काचेत मावणारं रान आक्रसतं, उजेड कमी पडतो आणि हात थरथरला तर ती थरथरही तेवढीच मोठी होते. सगळं पुस्तकातलं, सगळं खरं. आणि शेवटी म्हणालो, "घ्या नऊची." आमच्या वडिलांनी दुकान सुरू केलं तेव्हा एकच नियम घालून दिला होता, दारात कुणीही येवो, आधी त्याला खुर्चीत बसवून डोळे तपासायचे, काचेचं नंतर. तो नियम मी त्या दिवशी मोडला. कालपर्यंत दिसणारा कान आज का दिसत नाही, हे विचारायचं सोडून मी काच मोठी करून दिली. चष्मेवाल्यानं करू नये अशी यापेक्षा मोठी चूक नसेल.

पुढच्या रविवारी त्यांनी मला शेतात नेलं. बांधाच्या मातीत कागद खोचून शंभर पावलांवरून नेम जुळवला. दुर्बीण नऊवर करून मला बघायला लावलं, तर कागद असा नाचत होता की माझंच डोकं गरगरलं. हवालदार हसले. "तो कागुद नाई नाचून राह्यला, तुह्यं काळीज नाचून राह्यलं." मग गंभीर होऊन म्हणाले, "गोळी काई जनावरापाशी थांबत नाई, बापा. त्याच्या मांग काय हाय, बाजूले काय हाय, ते आधी पाह्यचं. मोठ्या नंबरात ते दिसतच नाई. तुरीत तं तीन-चारच्या वर जाऊच नोये." एवढं ज्याला कळतं त्यानं नऊची दुर्बीण का घ्यावी, हे माझ्या तेव्हाही डोक्यात आलं नाही. मी बांधावर बसून त्यांनी आणलेली शेंगदाण्याची चटणी खात होतो.

रायफल त्यांच्यासाठी काय होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. गावात इंदूबाईंचं मोठं घर. त्यांच्या सासऱ्यांनी एका उन्हाळ्यात हवालदारांच्या वडिलांना, कामाला आलेल्या माणसाला, ओट्याला पाठ टेकली म्हणून चारचौघांत उठवलं होतं. तेव्हा हवालदार लहान होते, शेजारीच उभे होते. आणि पुढं त्याच ओट्यावर, डुकरांनी मका आडवा केला की, इंदूबाईंचा मुलगा प्रकाश हवालदारांना मोटारसायकलवर घेऊन येई आणि इंदूबाई आपल्या हातानं चहा देत. हवालदार कधी बोलले नाहीत, पण तो चहा ते फार सावकाश पीत, असं सुजाता सांगते. डोळे गेले तर रायफल जाणार, रायफल गेली तर ते बोलावणंही जाणार...

त्या हिवाळ्यात प्रकाशच्या तुरीत डुकरं घुसली. परवानगी आली. दिवस मावळायच्या आधी हवालदार आणि फॉरेस्टचे गार्ड बांधावर बसले. साठ-सत्तर पावलांवर तूर हलली. दुर्बिणीत एक काळी पाठ आली, खाली वाकलेली, पुढं सरकणारी. नऊच्या काचेत तेवढीच. हवालदारांचा एक रिवाज होता, चाप ओढण्याआधी गाल उचलून एक श्वासभर उघड्या डोळ्यांनी बघायचं. त्यांनी बघितलं, तर समोर नुसतं धुकं. धुक्याचा दिवस नव्हता तो. त्यांनी बोट बाहेर काढलं आणि गार्डला म्हणाले, "मले दिसत नाई. तुमी पाहा." गार्डनं बघितलं आणि बोंबच मारली. तुरीतून काळी शाल पांघरलेल्या इंदूबाई उभ्या राहिल्या, ओटीत ओल्या शेंगा. "काऊन बोंबलून राह्यले बे? माह्या शेतात मी शेंगा तोडू नको का?" दोघांनाही चांगलं झाडलं आणि ताडताड घरी गेल्या. काय होता होता राहिलं, त्यांना कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं हवालदार दुकानात आले. चहा नको म्हणाले. सरळ खुर्चीत जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. "आता तपास." मी तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, नेमाचा उजवा तर पार पिकलेला. भिंतीवरच्या तक्त्यातली वरची एक ओळ त्यांना वाचता आली. म्हणालो, "हवालदार, चूक माझी आहे. मी आधी डोळे बघायला पाहिजे होते." ते म्हणाले, "तू कायले रडतं? मले ठाऊक होतं. म्हणून तं त्या दिवशी खुर्चीत बसलो नाई." त्यांचं हे बोलणं मला दिलासा देण्यासाठी होतं, पण त्यानं मला अजून बरं वाटलेलं नाही.

ऑपरेशन झालं, दोन्ही डोळे लख्ख झाले. मी म्हणालो, आता जुनी चारची बसवा. पण त्यांनी रायफल पोलीस ठाण्यात जमा केली ती केलीच. प्रकाश दोनदा चहाला बोलवायला आला. हवालदार गेले नाहीत. इंदूबाई वाटेत दिसल्या तर हे दुसऱ्या गल्लीनं जात. शेवटच्या भेटीत, दवाखान्यातून घरी आणल्यावर, त्यांनी माझं मनगट धरलं. "इंदूबाईले मी सांगू नाई शकलो. ज्या हातानं तिनं चहा देला... मी गेल्यावर तू सांगजो."

गेल्या आठवड्यात मी त्या ओट्यावर बसून सांगितलं. काहीही वगळलं नाही, माझी चूकही. शिव्या खायच्या तयारीनंच गेलो होतो. इंदूबाई म्हणाल्या, "येवढंच होतं?"

"हो मावशी."

"मले वाटे, माह्या सासऱ्याचा राग धरला त्यानं. म्हणून तोंड फिरवून जाते. एवढे वर्षं मी त्याच इचारात... का आपल्या चहानं ते काई फिटत नाई." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आन् तो येडा मलेच भेऊन राह्यला होता!"

मग उठल्या. "चाल, मले त्याचं घर दाखव."

लग्न होऊन या गावात आल्याला त्यांना पन्नासच्या वर वर्षं झाली असतील. घर पायी पाच मिनिटांवर आहे. वस्तीतली माणसं दारात येऊन बघत होती. सुजाता अंगणात धान्य पाखडत होती, ती सूप घेऊन तशीच उभी राहिली. इंदूबाई आत गेल्या, बुद्धाच्या तसबिरीशेजारचा हवालदारांचा वर्दीतला फोटो जवळ जाऊन बघितला आणि त्यांच्या बाजेवर बसल्या.

"पोरी, पाणी देतं का?"

सुजातानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घाईत हाताला आला तो हवालदारांचा पलटणीतला मग भरून आणला, कडेला पोचा पडलेला. इंदूबाईंनी तो तोंडाला लावला, मध्ये न थांबता सगळं पाणी प्यायल्या. सुजातानं हात पुढं केला, पण त्यांनी मग दिला नाही. मांडीवर दोन्ही हातांत धरून बसून राहिल्या.