फिशफाइंडर आणि जुना डोह

“दाजी, पाण्यातला मासा दाखवणारं मशीन मिळतं म्हणे. तुम्ही बघून द्या. तुम्हाला आकडे कळतात,” मेव्हणा म्हणाला. तो चहा प्यायला म्हणून आमच्या इंदिरानगरच्या घरी आला होता, पण कपाला हात लावला नव्हता.

तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. धरणाच्या फुगवट्यावर त्याची फायबरची होडी. दोन हंगाम जाळ्यात बोटभर चिलापी माशांशिवाय काही येत नव्हतं. द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने त्याला गोदामावर राखणदाराची नोकरी देऊ केली होती, आणि होडीला गिऱ्हाईकही होतं. पण त्याचं म्हणणं एकच. मासा संपलेला नाही, तो नदीच्या जुन्या डोहात उतरलाय. धरण व्हायच्या आधी तिथे पन्नास फूट पाणी असायचं, असं त्याचे वडील सांगायचे. डोह सापडला तर होडी ठेवायची, नाही तर विकायची.

“मशीन दिलंत की तो नोकरीला नाही म्हणेल,” बायको मला आत नेऊन म्हणाली.

“नाही दिलं तर जन्मभर डोह डोह करत बसेल.”

“मग बसू द्या. तुमचं काय जातं?”

मी ते बघायला घेतलं. मोबाइलला जोडायचं मशीन बाद केलं. ओल्या हातांनी आणि भर उन्हात मोबाइल कोण बघणार? खरा प्रश्न तळाला आपटून परत येणाऱ्या ध्वनीच्या झोताचा होता. पाण्यात सोडायच्या सेन्सरचा झोत साठ अंशांचा असेल तर पन्नास फुटांवर तो जवळजवळ अठ्ठावन्न फूट पसरतो. मग नेमकं कुठलं खोल आणि कुठलं उथळ, ते सांगता येत नाही. वीस अंशांचा झोत तिथे साडेसतरा फूटच पसरतो. मी वीसवाला ठरवला. पंचवटीत जाळी आणि गळ विकणारा दुकानदार मला दुसरंच गळ्यात मारू बघत होता. “साहेब, यात माशांची चित्रं येतात. लहान-मोठा वेगळा कळतो.” चित्रांची सोय माझ्या मशीनमध्येही होती. माहितीपत्रक वाचल्यावर कळलं की पाण्यातलं पान, बुडबुडा, काडी, सगळ्यांचा मासाच होतो. मी ती सोय बंद करून टाकली.

रविवारी सकाळी आम्ही दोघे होडीत बसलो. काठाजवळच मी फुटाफुटावर गाठी मारलेली दोरी दगड बांधून खाली सोडली. मशीन म्हणालं नऊ, दोरी म्हणाली सव्वानऊ.

“मशीनवर भरोसा नाय, तर घेतलं कशाला?” मेव्हणा हसला.

“भरोसा ठेवता यावा म्हणूनच मोजतोय.”

समोरच्या डोंगराची खिंड आणि काठावरची एकटी चिंच एका रेषेत आली की खाली डोह, ही त्याची खूण. तिथे त्याने वल्हं थांबवलं.

“किती?”

“एकवीस.”

“आजून थोडं तिकडं घेतो.”

“बावीस.”

“आता?”

“बावीसच.”

ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही तेवढ्याच पाण्यात फिरलो. तळाची रेघ सपाट होती, आणि मासा असता तर पडद्यावर कमान उमटली असती, तशी एकही उमटली नाही. शेवटी मी पुन्हा दोरी सोडली. दोरीनेही बावीसच सांगितलं, आणि वर आलेल्या दगडाला काळा गाळ चिकटलेला होता. मेव्हण्याने तो बोटांनी चुरून पाहिला आणि हात पाण्यात धुतला. डोह गाळाने कधीच भरून गेला होता. मी एखादं साधं, ढोबळ मशीन घेतलं असतं तर निदान दोष मशीनला देता आला असता. तेवढीही जागा मी ठेवली नव्हती.

परतताना तो वल्हं मारत राहिला. मग म्हणाला, “दाजी, ती माशांची चित्रं चालू करा ना.”

“अरे, ते खोटं असतं. पान गेलं तरी मासा दाखवतं.”

“ठाऊक हाय. करा.”

मी चालू केली. पडद्यावर मासे सरकू लागले. लहान, मोठे, प्रत्येकाच्या डोक्यावर खोलीचा आकडा. तो वल्हं आडवं धरून बघत राहिला. जाळं त्याच्या पायाशीच होतं, त्याला त्याने हात लावला नाही.

“ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावता का?” पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला. “माझ्याच्यानं बोलवणार नाय.”

मी फोन लावला.